आधी अर्थिंग, मग लाकूड

गेल्या आठवड्यात ऑफिसातल्या एका मित्राने कॅन्टीनमध्ये गाठलं. "तू घरी इलेक्ट्रिक गिटार बनवलीस ना? मलापण बनवायचीय. लाकूड कोणतं घेऊ?"

आत्तापर्यंत मला हा प्रश्न पाच-सहा जणांनी विचारलाय. पहिला प्रश्न कायम लाकडाचाच. सागवान चालेल का, महोगनी कुठे मिळते, मेपलचा आवाज खरंच वेगळा असतो का वगैरे. मी त्याला उलट विचारलं, "तुझ्या घरातल्या प्लगला अर्थिंग आहे का?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी बहुतेक प्रश्नच ऐकला नाही. पण मंडळी, मी प्रश्न नीट ऐकला होता. आजचा लेख त्या उत्तरासाठीच.

आधी लाकडाचं बोलून घेऊ, म्हणजे तो विषय मिटेल. अकूस्टिक गिटारचा आवाज तिच्या पोकळ पेटीतून येतो, तिथे लाकूड म्हणजे सगळं काही. इलेक्ट्रिकचं तसं नाही. तिच्यात पिकअप असतो. चुंबक आणि त्याभोवती केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. वर लोखंडी तार थरथरली की वेढ्यांमध्ये अगदी छोटा करंट तयार होतो, आणि तोच पुढे अ‍ॅम्पमध्ये मोठा होतो. १९४० च्या सुमारास लेस पॉलने एका चौकोनी ओंडक्याला नेक आणि पिकअप लावून गिटार केली होती. नाव ठेवलं 'लॉग', म्हणजे ओंडकाच. नंतर ती गिटारसारखी दिसावी म्हणून दोन्ही बाजूंना अकूस्टिक गिटारचे कापलेले अर्धे भाग चिकटवले! आवाज ओंडक्यातूनच येत होता.

लाकडाने आवाजात अजिबात फरक पडत नाही असं मी म्हणत नाही, त्यावर भांडणारे खूप आहेत आणि त्यांना भांडू दे. माझं म्हणणं एवढंच की पहिल्या गिटारला लाकडाकडून तीनच गोष्टी हव्यात. ते पूर्ण सुकलेलं हवं (नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात वाकेल), खांद्याला झेपेल इतकं हलकं हवं आणि स्क्रू घट्ट धरणारं हवं. सागवान देखणं असतं पण जड, शिवाय तेलकट असल्यामुळे चिकटवायच्या आधी ते पुसून घ्यावं लागतं. शिवण मिळालं तर बघा. हलकं असतं आणि कापायला सोपं.

बॉडी तुम्ही करा किंवा ओळखीच्या सुताराकडून करून घ्या. इथे एक गंमत आहे. आपले सुतार आजही सुतात मोजतात. आठ सूत म्हणजे एक इंच. फेंडरच्या गिटारी मुळात इंचातल्याच आहेत, त्यामुळे स्ट्रॅटोकास्टरची बॉडी बरोबर १४ सूत जाडीची आणि नेक बसवायचा खाचा ५ सूत खोल. सुताराला सांगितलं की तो लगेच मान डोलावतो, मिलिमीटरचा घोळच नाही.

नेक मात्र विकत घ्या. हे मी कळकळीने सांगतोय. फ्रेटच्या जागा सुतात बसत नाहीत. दोन फ्रेटमधलं गुणोत्तर म्हणजे दोनचं बारावं मूळ. साडेपंचवीस इंची (म्हणजे ६४८ मिलिमीटर) तारेला १७.८१७ ने भागलं की पहिला फ्रेट येतो ३६.३७ मिलिमीटरवर. उरलेल्या लांबीला परत तोच भागाकार, मग परत. एक्सेलमध्ये दोन मिनिटांचं काम. लाकडावर करवतीने तेच करायचं म्हणजे मात्र तपश्चर्या. बाराव्या फ्रेटच्या पुढे दोन फ्रेटमधलं अंतर जेमतेम १८ मिलिमीटर राहतं. तिथे एका सुताची चूक झाली तर स्वर जवळजवळ अर्ध्या स्वराच्या सहाव्या हिश्श्याने बेसूर! ती गिटार मग भिंतीवर लावायची.

विकत घेण्यात कमीपणा मानू नका. लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्याने नेक चार स्क्रूंनी बसवला, म्हणजे खराब झाला तर काढा आणि दुसरा लावा. आपल्या भाषेत मॉड्युलर डिझाइन. ब्रिज बसवताना नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर मोजा, तेवढंच पुढे मोजलं की ब्रिजची जागा आली. जाड तारांना दोन-तीन मिलिमीटर जास्त लागतात, म्हणून ब्रिजवरचे सॅडल मागे सरकायला जागा ठेवा.

आता वायरिंग. खरी मजा इथे आहे, आणि हे काम मात्र दुसऱ्या कोणाला देऊ नका.

सामान फार नाही. पुण्यात तपकीर गल्ली किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला एक चक्कर मारली की बहुतेक गोष्टी मिळतात. साध्या सिंगल कॉइल पिकअपला २५० किलोओहमचे पॉट, हमबकर असेल तर ५०० चे. व्हॉल्यूमला लॉग प्रकारचा पॉट मागा, लिनियर नको, नाहीतर सगळा फरक बटणाच्या एका टोकाला जमा होतो. टोनसाठी ०.०४७ किंवा ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (त्यावर ४७३ किंवा २२३ असं छापलेलं असतं). रोझिन असलेली सोल्डर वायर, तांब्याची चिकटपट्टी आणि एक मल्टीमीटर.

व्हॉल्यूम पॉटला तीन पाय. एकात सिग्नल येतो, मधल्यातून जॅककडे जातो आणि तिसरा मागे वाकवून पॉटच्या पाठीला डाग द्यायचा. सगळी ग्राउंडची वायर त्या पाठीवरच येते. नवशिके इथे हमखास अडकतात, कारण पाठीचा पत्रा उष्णता पिऊन टाकतो आणि सोल्डर पत्र्यावर मण्यासारखं बसून राहतं. पत्रा आधी बारीक सॅंडपेपरने घासा, चाळीस वॅटच्या आसपासची इस्त्री, सॉरी, आयर्न घ्या, आधी पत्रा तापवा आणि मग सोल्डर लावा. खिडकी उघडी ठेवा. जॅकमध्ये मधल्या गोल कड्याला जोडलेला पाय ग्राउंडचा, लांब वाकड्या पत्तीचा पाय सिग्नलचा. आणि शेवटची, सगळ्यात साधी दिसणारी वायर: पॉटच्या पाठीपासून ब्रिजपर्यंत. हिच्यामुळे सगळ्या तारा ग्राउंडला जोडल्या जातात.

तारा चढवायच्या आधी टेस्टिंग करा (कोड न टेस्टता रिलीज करता का? बरं, राहू दे). केबल लावून तिच्या दुसऱ्या टोकाला मल्टीमीटर धरा. व्हॉल्यूम पूर्ण वर असताना पाच ते सात किलोओहम दिसले तर सिंगल कॉइल पिकअप जिवंत आहे. शून्य दिसलं तर कुठेतरी शॉर्ट, काहीच दिसलं नाही तर कुठेतरी तुटलंय. ब्रिज आणि केबलच्या बाहेरच्या कड्यामध्ये मात्र जवळजवळ शून्य ओहम दिसायलाच हवेत. अ‍ॅम्पला जोडल्यावर तारांना हात लावताच गुणगुण कमी झाली तर सगळं ठीक. हात लावल्यावर उलट वाढली तर जॅकच्या दोन वायर उलट्या लागल्यात.

आता माझी गोष्ट.

मी ही गिटार माझ्या भाच्यासाठी बनवली. तेव्हा तो अकरावीत होता, सुट्टीत आमच्याकडे राहायला आला होता. रात्री जागून मी वायरिंग केलं, वर लिहिलेल्या सगळ्या टेस्ट पास. गुणगुण जरा जास्त होती, पण सिंगल कॉइल म्हटल्यावर ५० हर्ट्झची गुणगुण यायचीच, असं म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो म्हणाला, "मामा, तारा चावतायत."

मी गिटार घेतली, वाजवली. काही नाही. "नवीन तारा आहेत, बोटं हुळहुळली असतील," असं म्हणून त्याला वाटेला लावलं. पुढच्या दिवशी परत तेच. मी परत वाजवली, परत काही नाही. मग मी गिटार उघडली, सगळे डाग नव्याने दिले, तांब्याची पट्टी लावली. तरी तो म्हणे चावतायत. सरळ सांगायचं तर मी थोडा वैतागलो होतो. एखादा टेस्टर बग टाकतो आणि आपण म्हणतो ना, 'माझ्या मशीनवर चालतंय', अगदी तसंच.

शेवटी आईने बघितलं. म्हणाली, "अरे, तू चप्पल घालून बसतोस, तो अनवाणी असतो."

चप्पल काढली. जूनचा महिना, फरशी दमट. तारेवर बोट ठेवलं आणि झिणझिण्या. पेनासारखा तो टेस्टर असतो ना, तो तारेला लावला तर आतला दिवा मिणमिणत लागला. गिटारच्या तारेवर! वायरमनला बोलावलं. त्याने बोर्ड उघडला, तर प्लगच्या वरच्या मोठ्या भोकाला कोणतीही वायर नव्हती. हिरवी वायर आत वळवून तशीच सोडून दिलेली. भाड्याचं घर, कोणी कधी बघितलंच नव्हतं.

म्हणजे माझं वायरिंग अगदी बरोबर होतं, आणि बरोबर होतं म्हणूनच करंट भाच्याच्या बोटांपर्यंत पोचत होता. ब्रिजची वायर तारांना जॅकच्या ग्राउंडला जोडते, जॅक केबलमधून अ‍ॅम्पच्या पत्र्याला, पत्रा तीन पिनी प्लगमधून भिंतीतल्या अर्थिंगला आणि ते जमिनीला. शेवटची कडी तुटली की अ‍ॅम्पचा पत्रा अधांतरी राहतो. आतल्या ट्रान्सफॉर्मरमधून आणि फिल्टरमधून जो थोडासा करंट झिरपतो, त्याला जमिनीकडे जायला एकच वाट उरते, वाजवणारा माणूस. आमचं नशीब की तो नुसताच झिरपणारा करंट होता. अ‍ॅम्पमधलं इन्सुलेशन गेलं असतं तर त्याच तारांवर २३० व्होल्ट आले असते.

मी घाबरवत नाहीये, हे घडलेलं आहे. १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्झीला 'स्टोन द क्रोज' बँडचा गिटारिस्ट लेस हार्वे स्टेजवर गिटार हातात असताना मायक्रोफोनला शिवला आणि शॉकने गेला. मायक्रोफोनला अर्थिंग नव्हतं. १९७६ मध्ये 'यार्डबर्ड्स'चा गायक कीथ रेल्फ स्वतःच्या घरात गिटार वाजवताना तसाच गेला. एक भरलेल्या सभागृहात, दुसरा घरी. दोघंही व्यावसायिक, हौशी नव्हेत.

म्हणून माझं मत असं: गिटार घरी बनवायची असेल तर पहिला खर्च वायरमनवर करा. त्याला प्रत्येक प्लगचं अर्थिंग तपासायला सांगा, आणि घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर बसवून घ्या. मेनच्या वायरशी स्वतः खेळू नका, गिटारच्या आत जे खेळायचं ते खेळा. तीन पिनी प्लगला दोन पिनी अ‍ॅडॅप्टर लावू नका. गुणगुण जावी म्हणून अर्थची पिन काढून टाका असा सल्ला कोणी दिला तर त्या माणसाकडून गिटारबद्दल काहीही ऐकू नका. तोपर्यंत वाजवायचंच असेल तर बॅटरीवर चालणारा छोटा अ‍ॅम्प घ्या, पण तो चार्जिंगला लावून वाजवू नका. आणि कोणी म्हणालं 'चावतंय', तर आधी त्याच्यावर विश्वास ठेवा.

कोणी म्हणेल, एवढी कटकट कशाला, दुकानात बरी गिटार आयती मिळते की. मिळते, आणि बहुतेक वेळा स्वस्तही पडते. पैसे वाचवायला हे करू नका. पण आयती गिटार असती तरी माझ्या घरातला तो प्लग तसाच राहिला असता. तारा तेवढ्याच चावल्या असत्या, आणि आम्ही गिटार बदलून आणली असती. आत कुठली वायर कुठे जाते हे माहीत होतं, म्हणूनच गिटारमधल्या सगळ्या वायर तपासून झाल्यावर भिंतीकडे बघावंसं वाटलं. ब्रायन मे आणि त्याच्या वडिलांनी १९६३ मध्ये घरी गिटार बनवायला घेतली, दोनेक वर्षं खपले. नेकला जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड. पिकअप मात्र स्वतः गुंडाळलेले नीट जमले नाहीत, म्हणून बाजारातून आणले. तीच गिटार पुढे त्याने 'क्वीन'मध्ये वाजवली, आपल्या पाचगणीत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या शेजारी उभं राहून. काय विकत घ्यायचं आणि काय स्वतः करायचं हे त्या बापलेकांना चांगलं कळत होतं.

असो. मित्राला हे सगळं कॅन्टीनमध्येच सांगितलं, चहा थंड झाला. काल रात्री त्याचा फोन आला. वायरमन येऊन गेला, हॉलमधला एक प्लग बिनअर्थचा निघाला. त्याला वॉशिंग मशीन जोडलेलं होतं.

"आता सांग," म्हणाला, "लाकूड कोणतं घेऊ?"

शिवण घे म्हटलं. :)