व्हॅन घेताय? आधी आरसी वाचा!

इन्स्टावर दिवसाआड एक नवी व्हॅन दिसते. मागचं दार उघडं, आत गादी, पिवळ्या दिव्यांची माळ, समोर धुक्यातला डोंगर आणि हातात चहाचा मग. मग आपल्या कट्ट्यावरही हिशेब सुरू होतो. चौघांनी मिळून जुनी ओम्नी घ्यायची, ओळखीच्या सुताराकडून आत पलंग ठोकून घ्यायचा आणि म्हैसमाळपासून लोणारपर्यंत कुठंही मुक्काम करायचा. जुनी ओम्नी आजही नव्या बाइकच्या आसपासच्या पैशांत मिळते, त्यामुळे प्लॅन अगदीच हवेतला वाटत नाही. अडतं ते कागदावर.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की कंपनीने गाडी जशी बनवली आणि आरसीवर जशी नोंदली, त्यात फरक पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. 'प्रत्येक बदलाला' हे शब्द नीट वाचा. आसनसंख्या आरसीवर छापलेली असते. मागच्या सीट कायमच्या काढून पलंग बसवला, की कागदावरची गाडी आणि रस्त्यावरची गाडी वेगळी झाली.

हे नुसतं पुस्तकी नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये केरळच्या कन्नूरमध्ये 'ई-बुल-जेट' या यूट्यूब चॅनलची कॅम्पर केलेली ट्रॅव्हलर परिवहन खात्याने बेकायदा बदलांवरून जप्त केली. चॅनल चालवणारे दोघे भाऊ कार्यालयात गेले, तिथे गोंधळ झाला आणि त्यांना अटक झाली. लाखो फॉलोअर्स होते, पण त्यांचा आरटीओत उपयोग झाला नाही.

मग भारतात कॅम्पर व्हॅन बेकायदा आहे का? अजिबात नाही. केंद्राच्या यादीत खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा बिगर-ट्रान्सपोर्ट वाहनांचा प्रकार म्हणून चक्क नोंदलेला आहे. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं मानक आहे आणि तपासणी करणारी एआरएआय ही संस्था तर पुण्यातच आहे. पण ही वाट गाड्या किंवा बॉडी बनवणाऱ्या कंपन्यांना परवडणारी. एक जुनी व्हॅन घेऊन गेलेल्या पोरांसाठी ती आखलेली नाही. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण मंजूर केलं, त्यातही भर कॅराव्हॅन भाड्याने देणाऱ्या व्यावसायिकांवर आणि कॅराव्हॅन पार्कवर आहे. म्हणजे सरकारला कॅराव्हॅन हवी आहे, पण आपल्या पैशातून सेकंडहँड गाडी उभी करणारा पंचविशीच्या आतला माणूस त्या चित्रात नाही. माझ्या मते खरी गोची इथे आहे.

हे मनात ठेवून गाडी निवडायची, तर पहिला प्रश्न बदलतो. इंजिन कसंय, छत किती उंच, हे नंतर. काहीही न कापता, न काढता कोणत्या गाडीत झोपता येईल, हे आधी.

ओम्नी १९८४ पासून २०१९ पर्यंत चालली, पार्ट कुठल्याही गल्लीत मिळतात. पण ७९६ सीसीचं इंजिन, समोर बोनेटच नसल्याने धडक थेट गुडघ्यावर, आणि सुरक्षेचे नवे नियम आले तेव्हा कंपनीने ती बंदच केली. शिवाय पेट्रोल आता ई-२० आहे आणि जुन्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. रबरी नळ्या, गॅस्केट बदलायचा खर्च आधीच धरा.

पाचसीटर ईको जास्त शहाणपणाची. पॉवर नेमकी, पण बाजूची सरकती दारं आणि मागे बऱ्यापैकी सपाट जागा. मागची सीट पुढे दुमडून तिच्यावरून मागपर्यंत जाणारी, उचलून बाहेर काढता येणारी फळी केली तर गाडीला एक भोकही पडत नाही. सीट जागेवर, आरसी खरी. फक्त जायच्या आधी टेपने मोजा. सहा फुटी मित्र तिरका झोपणार, हे गृहीत धरा. इंजिन पुढच्या सीटखाली असतं, मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा सीट तव्यासारखी तापते. सीएनजीवाली घेणार असाल तर टाकी मागची जागा खाते, आणि दर तीन वर्षांनी होणाऱ्या सिलिंडर टेस्टचं सर्टिफिकेट मागा. कार्गो ईको रिकामी आणि स्वस्त दिसते, तिच्या नादी लागू नका. ती मालवाहू गाडी आहे, मागे माणसं नेण्यासाठी तिचं पासिंगच नाही.

आता सगळ्यांच्या डोळ्यांत असते ती ट्रॅव्हलर. वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या कंपन्यांत कामगारांची ने-आण करून थकलेल्या अशा गाड्या आपल्या शहरात विकायला निघतातच. आत उभं राहता येतं, जागा भरपूर. टाटा विंगरचा फ्लोअर त्याहून खाली, पण तिला वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडाच भार पेलतो. छताला खिडकी कापणं म्हणजे हाडाला हात घालणं. लायसन्सची चिंता नको, साडेसात टनांपर्यंतची ट्रान्सपोर्ट गाडी एलएमव्ही लायसन्सवर चालवता येते, हे नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने स्पष्ट केलंय. चिंता पिवळ्या पाटीची. ती पांढरी करायची तर परमिट सरेंडर, टॅक्सचा फरक, पुन्हा तपासणी. विकणारा एजंट 'होऊन जाईल हो' म्हणाला, तर आधी करून दाखव म्हणा, मग पैसे द्या.

वजनाकडे कुणी बघत नाही. १८ एमएम प्लायची आठ बाय चारची एक शीट ३०-३५ किलोची, इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी पन्नासच्या पुढे, पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो. आठ-आठ दिवस नळाला पाणी न येणाऱ्या शहरातल्या माणसाला टाकी मोठीच हवीशी वाटणार! पण साठ लिटर पाणी म्हणजे गाडीत एक जास्तीचा माणूस. आणि स्वयंपाक बाहेर करा. बंद व्हॅनमध्ये गॅस पेटवून झोपणं हा आगीचा आणि विषारी वायूचा, दोन्हीचा धोका आहे.

वयही तपासा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे पाच वर्षांसाठी नूतनीकरणाची फी ५ हजार, वर फिटनेस आणि पर्यावरण कर. २०२५ पासून वीस वर्षांवरच्या कारला हीच फी १० हजार झाली. २०११ ची 'स्वस्त' व्हॅन म्हणूनच स्वस्त असते. बँकेचा बोजा उतरलाय का, ई-चलान थकलेत का, नवी एचएसआरपी पाटी लागलीय का, हे परिवहनच्या पोर्टलवर कळतं. गंज मात्र मॅट उचलूनच दिसतो, शिवाय सरकत्या दाराच्या पट्टीत आणि छताच्या कडेला.

चौघांत घेतली तरी आरसीवर नाव एकाचंच चढतं. अपघात झाला तर नोटीस त्याच्याच घरी येणार, आणि न कळवलेला बदल सापडला तर विमा कंपनी हात वर करू शकते. 'वीकेंडला भाड्याने देऊन पैसे वसूल करू' हा प्लॅनही पांढऱ्या पाटीवर चालत नाही.

टोकन देण्याआधी एक काम करा. आरसीची झेरॉक्स आणि तुमच्या फळीचं साधं स्केच घेऊन आरटीओत जा आणि 'एवढं केलं तर चालेल का' हे लेखी विचारा. अर्जाची पोच घ्या. आणि हो, अजिंठ्याला व्हॅनमधून लेणीसमोर उतरायचं स्वप्न असेल तर खासगी गाड्या फर्दापूरच्या टी-पॉइंटलाच थांबतात, पुढे बसनेच जायचं.