गृहपाकाचे नवे भाट

सन २०२० च्या उन्हाळ्यापासून आमच्या नियतकालिकांत एका नव्या स्तोत्रवाङ्मयाचा उदय झाला असून, ती साथ ओसरून वर्षें लोटलीं तरी त्याचा ओघ आटलेला नाहीं. या वाङ्मयाचें दैवत म्हणजे टाळेबंदींतील स्वयंपाकघर. त्याची फलश्रुति थोडक्यांत अशी कीं, टाळेबंदीनें आमच्याकडून पुष्कळ कांहीं हिरावून नेलें, परंतु एक वस्तु परत दिली, ती म्हणजे घरचें अन्न. उपाहारगृहें मिटलीं आणि चुली पेटल्या. कुटुंब एका पंगतीस बसलें. आजीच्या हातचे विसरलेले पदार्थ पुन्हां ताटांत आले. आणि ‘आपली परंपरा’ (हे दोन शब्द या स्तोत्रांत पालुपदासारखे येतात) पुनरुज्जीवित झाली. मार्च महिना उजाडला कीं कोणी ना कोणी हें स्तोत्र नव्या चालीवर म्हणून दाखवितो. गेल्या मार्चांत तें आमच्या वाचनांत तीन वेळां आलें, आणि तिसऱ्या खेपेस आमच्यानें गप्प बसवेना.

प्रथमच सांगून टाकतों कीं, टाळेबंदी करावयास हवी होती कीं नव्हती, हा आमचा वाद नाहीं. २४ मार्च २०२० च्या रात्रीं आठ वाजतां सांगून बारा वाजतां सारा देश बंद करण्यांत आला, त्या घाईविषयीं बोलण्यासारखें पुष्कळ आहे. पण तें बोलण्याचा अधिकार आमच्याहून दुसऱ्यांस अधिक आहे. रोगाचें भय खरें होतें, आणि घरांत बसणें भाग होतें, हेंही आम्हांस मान्य आहे. औषध कडू असेल तर तें नाक मुरडून प्यावें. तें प्याल्यावर पांच वर्षें त्याच्या गोडीचे पोवाडे गाणें हा मात्र निराळा प्रकार आहे. आमचा वाद त्या पोवाडे गाणाऱ्या भाटांशीं आहे.

स्वयंपाकघर परत मिळालें असें जो म्हणतो, तो तें मध्यंतरीं हरवलें होतें असें गृहीत धरून चालतो. तें कोणाचें हरवलें होतें? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानें टाळेबंदीच्या आदल्याच वर्षीं, म्हणजे २०१९ सालीं, देशांतील माणसें आपला दिवस कसा घालवितात याची पाहणी केली. तींत असें आढळलें कीं, सहा वर्षांवरील शेंकडा ८१.२ स्त्रिया रोज घरच्या माणसांसाठीं विनावेतन घरकाम करीत होत्या, आणि त्यांत प्रत्येकीचीं सरासरी २९९ मिनिटें जात होतीं. पुरुषांत हें प्रमाण शेंकडा २६.१, आणि मिनिटें ९७. रोज पांच तास ओट्यापाशीं व मोरीपाशीं उभ्या असलेल्या बाईस ‘तुझें स्वयंपाकघर तुला परत मिळालें’ असें सांगणें म्हणजे घाण्याच्या बैलास ‘तुला फिरावयास मिळालें’ म्हणून शाबासकी देण्यासारखें आहे. परत आला तो पुरुष. आणि तोही बहुतेक घरीं पाटापर्यंतच आला. २२ मार्चच्या सायंकाळीं पांच वाजतां त्यानें गच्चीवर उभें राहून थाळी वाजविली, ती थाळी रात्रीं घासून फळीवर कोणीं ठेविली, हें या भाटांपैकीं एकानेंही लिहिलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं.

दुसऱ्यास दोष देण्यापूर्वीं आमचें माप आमच्या पदरांत घालणें बरें. मे २०२० मध्यें महाविद्यालयाचे वर्ग बंद होते आणि वेबिनारांचा सुळसुळाट झाला होता. त्यांतील एकांत आम्हींही स्वयंपाकघर ही संस्कृतीची पाठशाळा कशी, या विषयावर पाऊण तास प्रवचन झोडलें. मागून कुकरच्या शिट्या ऐकूं येत होत्या. त्यांनीं व्याख्यानास घरगुती रंग भरला, असा अभिप्राय एका श्रोत्यानें कळविला. व्याख्यान आटोपल्यावर आमच्या कुटुंबानें दारांतून डोकावून म्हटलें, “अहो, झालं असेल तुमचं, तर ताटं घ्या.” ताटें कोणत्या फळीवर असतात, हें आम्हांस त्या वेळीं विचारावें लागलें. वयाचीं पन्नास वर्षें तेव्हां उलटलीं होतीं. भांडीं घासावयास येणाऱ्या बाईस आम्हीं येऊं नको म्हणून सांगितलें होतें; दोन महिने तिला पगार दिला, तिसऱ्या महिन्यापासून विसरलों. त्या उन्हाळ्यांत तिच्या घरीं कोणत्या परंपरेचें पुनरुज्जीवन झालें, याची चौकशी आम्हीं केली नाहीं.

परंतु हा झाला श्रमाच्या वांटणीचा प्रश्न, आणि त्यावर आमच्याहून अधिक अधिकारानें स्त्रियांनींच लिहिलें आहे. आमची विशेष हरकत ‘परंपरा’ या शब्दास आहे. हे लेखक समजतात कीं, घरच्या अन्नाची परंपरा ही चार भिंतींच्या आंत, एका चुलीवर, एका कुटुंबाच्या ताटांत नांदत असते. म्हणून दार लावून घेतलें कीं ती सुरक्षित होते. आम्ही म्हणतों, ती तेथें कधींच नांदत नव्हती. ती दाराच्या बाहेर, अंगणांत आणि दोन घरांमधल्या वाटेवर नांदत होती. आणि टाळेबंदीनें नेमकी तीच वाट बंद केली.

उदाहरणासाठीं दूर जावयास नको. गोंदिया जिल्हा हा भाताचा आणि तळ्यांचा मुलूख. अर्जुनी मोरगांव तालुक्यांत आमचें गांव आहे व आमच्या मातोश्री अद्यापि तेथेंच राहतात. चैत्र-वैशाखाचें ऊन तापूं लागलें कीं गांवांत वाळवणाचे दिवस येतात. कुरडयांसाठीं गहूं तीन दिवस भिजवावयाचे, वाटून त्यांचा चीक काढावयाचा, तो रात्रभर निवळूं द्यावयाचा, आणि पहांटे मोठ्या पातेल्यांत हाटावयाचा. घट्ट होत आलेला चीक हाटण्यास दोघी लागतात, आणि तो गरम आहे तोंच सोऱ्यानें खाटेवरच्या लुगड्यावर पाडण्यास आणखी दोघी. पापडांचें पीठ एकदां कुटून झालें कीं लाटावयास सात-आठ पोळपाट हवेत. विलंब लागला तर पीठ वाळतें आणि पापड काठास फाटतो. म्हणून आज एकीच्या अंगणांत, उद्यां दुसरीच्या, असा क्रम गल्लीभर चालतो. त्या अंगणांत सोयरिकी जुळतात, जुनीं भांडणें मिटतात व नवीं लागतात, नव्या सुनेच्या हाताची परीक्षा होते, आणि राखणीस बसविलेलीं पोरें ओल्या पापड्या कावळ्यांच्या आधीं आपणच खातात. शेवया, मूगवड्या यांचीही हीच रीत. जिला पाककृति म्हणतात ती या कामांत फार थोडी आहे. बाकी सारें माणसांचें येणें-जाणें आहे. २०२० च्या वैशाखांत मातोश्रींनीं एकही पापड लाटला नाहीं. त्यांच्या आठवणींत असें वर्ष पूर्वीं झालें नव्हतें. आम्हीं दूरध्वनीवर विचारलें तेव्हां त्या म्हणाल्या, “पापड का एकटीनं लाटाची गोष्ट होय का, बाबू?” तुमच्या पुनरुज्जीवित परंपरेवर याहून नेमकी टीका आम्हांस करतां येणार नाहीं.

तीच गोष्ट वाटीची. शेजारच्या घरून भाजीची किंवा खिरीची वाटी आली कीं ती रिकामी परत करावयाची नाहीं, हा नियम कोणत्याही पाकशास्त्राच्या पुस्तकांत लिहिलेला नाहीं. परंतु आमच्या घरगुती स्वयंपाकाचें अर्धें वैविध्य त्या एका नियमावर उभें आहे. वाटी परत करावयाची म्हणून कांहीं तरी विशेष करावयाचें, आणि त्यांच्याकडची चव आवडली म्हणून रीत विचारून घ्यावयाची. २०२० च्या होळीस शेजारून आलेली एक वाटी आमच्या ओट्यावर दिवाळीपर्यंत पडून होती.

त्याच वर्षीं २६ एप्रिलला अक्षय्यतृतीया आली. आमच्याकडे त्या दिवशीं पितरांच्या नांवें घागर भरतात आणि कोणास तरी जेवावयास बोलावतात. बाहेरचा मनुष्य पानावर बसल्याखेरीज पितर जेवले असें होत नाहीं. त्या दिवशीं बोलावणार कोणास? घागर भरली, पान वाढलें, आणि तें आम्हींच खाल्लें. शास्त्रार्थ काय असेल तो असो, आमच्या मनास तें उपाशी राहिल्यासारखें वाटलें.

येथें एक प्रामाणिक आक्षेप येतो, आणि तो आम्हीच घेतों. ती वाटी सर्व घरीं जात होती काय? जात नव्हती. गांवांतील कोणत्या गल्लीपर्यंत ती जाई आणि कोठें थबके, हें जातीच्या नकाशावरून सांगतां येत असे, आणि पुष्कळ ठिकाणीं अद्यापिही येतें. आमच्या परंपरेचें गोडवें आम्हीही त्यामुळें जपूनच गातों. परंतु त्यावरील उपाय वाट रुंद करणें हा होता. जिल्हा परिषदेच्या शाळेंत दुपारीं शिजणारी खिचडी हा त्या उपायाचा एक नमुना होता. सर्व घरचीं मुलें एका ओळींत, एकाच पातेल्यांतलें जेवीत. मार्च २०२० मध्यें शाळा मिटल्या, ती पंगत उठली, आणि मुलांच्या घरीं कोरडा तांदूळ व डाळ पोंचविण्यांत आली. पोट भरण्याच्या दृष्टीनें तें योग्यच होतें. पण जी पंगत उठली ती कोणत्याही स्तोत्रांत उठल्याचें आम्हीं वाचलें नाहीं.

बरें, या भाटांच्या ताटांत आलेले ‘आजीचे पदार्थ’ तरी कोणते? त्या महिन्यांत घरोघर फेंसाळली ती डालगोना कॉफी, आणि भाजला गेला तो केळ्यांचा ब्रेड. आम्हांस त्यांचा द्वेष नाहीं. आमच्या चिरंजीवांनीं केलेला ब्रेड आम्हीं दोन वेळां मागून खाल्ला. पडद्यावर पाहून शिकणेंही आम्ही निषिद्ध मानीत नाहीं. १९१० सालीं लक्ष्मीबाई धुरंधर यांचें ‘गृहिणी-मित्र’ निघालें आणि १९७० सालीं कमलाबाई ओगले यांचें ‘रुचिरा’. तीं घरोघर गेलीं याचें एक कारण हेंच असावें कीं, शहरांत बिऱ्हाड केलेल्या मुलीस विचारावयास शेजारीं कोणी वडील बाई उरली नव्हती. पुस्तकानें ती उणीव भरून काढली आणि आज पडदा ती भरून काढतो. उपयुक्त वस्तु आहे. तिला पूर्वजांचा वारसा म्हणून हार घालणें मात्र हास्यास्पद आहे.

आणि ज्या दिवसांत पाककृतींचीं पानें फुलत होतीं, त्याच दिवसांतील एक छायाचित्र भाटांच्या स्मरणांतून गळालेलें दिसतें. ८ मे २०२० रोजीं पहांटे, तेव्हांच्या औरंगाबाद जिल्ह्यांत करमाडजवळ, रुळांवर झोंप लागलेले सोळा मजूर मालगाडीखालीं सांपडून मेले. ते मध्य प्रदेशांतील शहडोल व उमरिया या जिल्ह्यांचे. जालन्याहून भुसावळकडे गाडी मिळेल या आशेनें पायीं निघालेले. रुळांवर त्यांच्या पोळ्या विखुरल्या होत्या. तेंही घरचेंच अन्न होतें. आमच्या जिल्ह्यांतूनही सडक अर्जुनी व देवरीवरून छत्तीसगडाकडे जाणारा महामार्ग जातो. त्या वैशाखांत त्या रस्त्यानें डोक्यावर गांठोडीं घेतलेलीं माणसें चालत गेलीं, आणि रस्त्याकांठच्या गांवकऱ्यांनीं त्यांस भात-वरण वाढलें. वाढणाऱ्यांनीं जात विचारली नाहीं, तोंडास रुमाल बांधून लांबूनच पळीनें वाढलें. टाळेबंदींत अन्नाच्या परंपरेचें कांहीं पुनरुज्जीवन झालें असेल तर तें त्या डांबरी रस्त्यावर झालें. तेथें ओटा नव्हता आणि कुटुंबाची पंगतही नव्हती.

आतां सांगावयाची ती गोष्ट सांगण्यास आम्हांस संकोच वाटतो. एप्रिल २०२१ च्या दुसऱ्या लाटेंत आमच्याच रस्त्यावर, चार घरें टाकून, एक गृहस्थ गेले. मृत्यु झालेल्या घरीं त्या दिवशीं चूल पेटत नाहीं; शेजारीपाजारी पिठलें-भात घेऊन जातात आणि आग्रह करून चार घास खावयास लावतात, ही रीत आम्ही लहानपणापासून पाहत आलों आहों. त्या घरची बाई स्वतः आजारी, पदरीं दोन मुलें. आमच्या घरीं त्या संध्याकाळीं पिठलें-भात केला होता. तो फाटकावर ठेवून यावा कीं न यावा, भांडें परत घ्यावें कीं टाकून द्यावें, यावर आम्ही सुशिक्षित मंडळी चर्चा करीत बसलों. चर्चेंत दहा वाजले. मग आम्ही जेवून निजलों. दुसऱ्या दिवशीं कळलें कीं, रात्रीं त्या बाईनें उठून मुलांसाठीं खिचडी टाकली होती. पुढें ती बाई बरी झाली. रस्त्यांत भेटली कीं बोलते, कधीं तिनें तो विषय काढला नाहीं. टाळेबंदीनें घरोघर चूल पेटविली, असें वाक्य गेल्या मार्चांत ज्या लेखांत आम्हीं वाचलें, तो लेख त्याच ठिकाणीं खालीं ठेविला.

भाटांचा शेवटचा मुद्दा दूरध्वनीचा. दूर असलेलीं माणसें चित्रध्वनीनें जवळ आलीं, नातीनें आजीकडून रीत शिकून घेतली, असें ते म्हणतात. हें खरें आहे, आणि आम्ही त्याबद्दल त्या यंत्राचे ऋणी आहों. आमची कन्या तेव्हां पुण्यांत नोकरीस होती, आणि बंद खोलींत एकटी होती. मातोश्रींनीं अर्जुनीहून तिला सांबारवडी शिकविली. कोथिंबीर किती बारीक चिरावी, सारण किती कोरडें करावें, पारीची घडी कशी घालावी, हें सारें त्या हातानें करून दाखवीत आणि दर दोन मिनिटांनीं चित्र गोठत असे. तीन रविवार लागले. चवथ्या रविवारीं वड्या जमल्या, आणि मुलीनें ताट पुढें धरून दाखविलें. वड्या खरोखर सुरेख झाल्या होत्या, आणि आजीला समाधान झालें. मग त्यांनीं विचारलें, “मंग कोनाकोनाले देल्ल्या?”

मुलगी हंसली. समोरच्या दाराआड कोण राहतें, हें तिला ठाऊक नव्हतें.