रोजमेळ जुळेना तेव्हा



चोपडापूजनाला जेमतेम तीन आठवडे उरले असताना सोलापुरातील एक घाऊक कापड व्यापारी माझ्याकडे आले. मी शाखेत कर्जविभाग सांभाळीत असे तेव्हा त्यांच्या पेढीचे कॅश क्रेडिट खाते माझ्या देखरेखीखाली होते. त्यांचे स्टॉक स्टेटमेंट कधी मागून घ्यावे लागले नाही. ठरलेल्या तारखेच्या आदल्या दिवशीच ते टेबलावर येई. आता सर्व हिशोब मुलगा संगणकावर ठेवतो, तरीही शेठजी स्वतःच्या समाधानासाठी रोजमेळ हाताने लिहितात. तोच लाल रोजमेळ पिशवीतून काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, “साहेब, तीन वेळा बेरीज केली, तीन निरनिराळे आकडे आले. मुलाला दाखवायची लाज वाटते.”

चूक अर्ध्या तासात सापडली. दोन पावत्या चढवायच्या राहिल्या होत्या आणि एक रक्कम नावेऐवजी जमेला पडली होती. पण शेठजी उठेनात. थोड्या वेळाने आपणहून बोलू लागले. सकाळी दुकानाचे कुलूप काढावेसे वाटत नाही. गिऱ्हाईक बोलत असते, आपण मान हलवतो, पण काय बोलले ते ध्यानात राहत नाही. प्रतिक्रमणाला बसतात, पण पाठ कुठवर आला ते मध्येच विसरतात. मधुमेह चौदा वर्षांचा. घरात सांगितले का, असे विचारले तर म्हणाले, “काय सांगू? धाकट्याचे लग्न जमवायचे आहे. शेठचे डोके चालत नाही, अशी बातमी एकदा पेठेत गेली की उधारीवर माल कोण देईल?”

हे ऐकताना माझी नजर खाली गेली, कारण मीही एकेकाळी हेच सर्व लपविले होते.

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या वर्षी माझी अवस्था अशीच झाली. वर्तमानपत्राचे पहिले पान वाचून खाली ठेवावे आणि काय वाचले ते आठवू नये. सामायिकाची ४८ मिनिटे पूर्वी कशी सरत ते कळत नसे. आता पाच मिनिटांतच घड्याळाकडे दृष्टी जाई. माझ्या थोरल्या भगिनीच्या मुदतठेवींचे काम मी पाहतो. त्या वर्षी तिचा १५एच फॉर्म द्यायचा मी विसरलो आणि व्याजातून टीडीएस कापला गेला. रक्कम मोठी नव्हती, विवरणपत्र भरल्यावर परतही मिळाली. परंतु ज्याने तीस वर्षे ठेवीदारांना हाच फॉर्म वेळेवर देण्याची आठवण करून दिली, त्याच्या हातून हे व्हावे! मी ताईची क्षमा मागितली. ती म्हणाली, “अरे, वय झाले आता तुझे.” त्या एका वाक्याने मी आठवडाभर खचलो होतो.

डॉक्टरांकडे मी तीन महिन्यांनी नियमित जात होतो. एचबीए१सी सातच्या आसपास. “उत्तम,” असे ते म्हणत आणि मीही “उत्तम” म्हणून परत येई. बँकेतल्या माणसाला खरे तर हे उमगायला हवे होते. हा आकडा सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगतो. खात्यावरच्या सरासरी शिलकेसारखाच. सरासरी चांगली असलेल्या खात्यातही मधूनच एखाद्या दिवशी चेक परत जातो. आणि मनाची नोंद तर त्या अहवालात कुठेच नसते. ती आपणच तोंडाने सांगावी लागते. मी सांगितली नाही.

वाट उघडली ती चपलेमुळे. चालताना पायातली चप्पल निसटते आणि मला कळत नाही, हे सूनबाईंनी पाहिले. तळव्यांना मुंग्या येत, पण तो मधुमेहाचाच भाग असे मी धरून चाललो होतो. त्यांच्या आग्रहावरून बी-१२ तपासले, ते बरेच कमी निघाले. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांच्या शरीरात हे जीवनसत्त्व कमी शोषले जाते. त्यात आपला आहार शाकाहारी. बी-१२ मिळायचे ते मुख्यतः दूधदुभत्यातून, आणि वय वाढले की दूधही कमी होते. बी-१२ घटले की मुंग्या, बधिरपणा, विस्मरण आणि उदासी, सारेच येऊ शकते. म्हणून मेटफॉर्मिन दीर्घकाळ चालू असेल तर ही तपासणी अधूनमधून करून घ्यावी, असे तज्ज्ञ सांगतात. सोबत थायरॉईडही पाहावे. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये. ती आपले काम चोख करीत असते.

इंजेक्शने सुरू झाल्यावर मुंग्या कमी झाल्या. उदासी पूर्ण गेली नाही. तेव्हा फॅमिली डॉक्टरांनी मनोविकारतज्ज्ञांचे नाव सुचविले आणि मी काय केले असेल? गावात कुणी पाहू नये म्हणून हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्यास गेलो. प्रतीक्षाकक्षात आमच्याच पेठेतले एक अडते बसलेले! दोघांनीही परस्परांना डोळे तपासायला आल्याचे सांगितले. दवाखान्याच्या पाटीवर डोळ्यांचा उल्लेखही नव्हता. आज ते अडते भेटले की आधी हसतात आणि मग प्रकृती विचारतात.

तिथे मला पहिल्यांदा कळले की मधुमेह असलेल्यांत नैराश्याचे प्रमाण इतरांच्या जवळपास दुप्पट आढळते, आणि हा व्यवहार दोन्ही बाजूंनी चालतो. साखर वरखाली झाली की मन ढासळते. मन ढासळले की चालणे, पथ्य, औषधाची वेळ सुटते आणि साखर आणखी बिघडते. साखर चढलेली असेल तर रात्री लघवीसाठी तीनतीनदा उठावे लागते, झोप मोडते आणि दुसऱ्या दिवशी चित्त कशातच लागत नाही. यात स्वभावाचा दोष कुठे आला? आपल्या मंडळींत अशा अवस्थेला चटकन आर्तध्यान म्हणून टाकतात आणि दोन माळा अधिक फेरण्याचा सल्ला देतात. जपाचा मी स्वतः लाभ घेतो, त्याविषयी शंका नाही. परंतु बी-१२ ची उणीव माळेने भरून निघत नाही, आणि आजारी माणसाच्या माथी आपण धर्मातही कमी पडलो ही टोचणी मात्र बसते.

याहून सौम्य पण फार मोठ्या प्रमाणावर आढळणारी आणखी एक गोष्ट आहे: रोजच्या हिशोबाचा थकवा. प्रत्येक घासाची नोंद, प्रत्येक लग्नाच्या पंगतीत नकार, आणि मिठाईचा डबा उघडला की आपल्याकडे वळणारे घरातले सारे डोळे. या ओझ्याचे मोजमाप करण्यासाठी बोस्टनच्या जोस्लिन मधुमेह केंद्रातील संशोधकांनी १९९५ मध्ये २० प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. त्यात साखरेचा आकडा विचारलेला नाही. पथ्य मोडल्याची अपराधी भावना, पुढील गुंतागुंतीची भीती, सततच्या काळजीचा शीण, असेच सारे विचारले आहे. तो तक्ता वाचून मला पहिल्यांदा वाटले की हा थकवा कुणाला तरी ठाऊक आहे. घरच्यांना एक विनंती करतो. “पुन्हा पेढा घेतलात?” असे म्हणण्याऐवजी सायंकाळी सोबत फिरायला चला. माझ्या सौभाग्यवतींना हे पटायला सहा महिने लागले.

शेठजींच्या बाबतीत मात्र एक निराळीच बाब निघाली. ते चौविहार पाळतात. जेवण सूर्यास्तापूर्वी आणि नंतर नवकारसीपर्यंत तेरा-चौदा तासांचे अंतर. त्यांना ग्लिमेपिराइड चालू होती. ही गोळी पोटात अन्न असो वा नसो, साखर खाली आणते. पहाटे घाम येणे, वाईट स्वप्ने, उठल्यावर डोके जड आणि दिवसभर सुस्ती, हे सर्व ते वयाच्या खाती टाकीत होते. मी डॉक्टर नव्हे. मी एवढेच म्हणालो की पहाटे तीनला एकदा साखर मोजा. ती ६० च्या आत आली. ७० च्या खाली गेली की तो धोक्याचा आकडा समजतात. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे. त्यांच्या डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. रात्री साखर घेतली तर व्रतभंग होईल, ही शेठजींची चिंता होती. ती त्यांनी महाराजसाहेबांपुढे मांडली. पच्चक्खाणाच्या पाठातच आगार आहेत आणि त्यांत समाधीसाठीचाही एक आगार आहे, याची महाराजसाहेबांनी त्यांना आठवण करून दिली. ज्यांना पर्युषणात उपवास किंवा आयंबिल करावयाचे आहे त्यांनी आधी डॉक्टरांकडे जावे, नंतर पच्चक्खाण घ्यावे.

कधी जावे, हे अनेक जण विचारतात. बँकेत खाते थकले की ९० दिवस वाट पाहून एनपीए म्हणण्यापूर्वीच, पहिल्या ३० दिवसांत, त्यावर सावधगिरीची खूण होते. मनाच्या बाबतीत मुदत याहून थोडी आहे. सलग दोन आठवडे बहुतेक दिवशी मन खिन्न असेल, किंवा ज्या गोष्टीत रस होता त्यात रस उरला नसेल, तर डॉक्टरांना ते स्पष्ट शब्दांत सांगावे. जगणे नको असा विचार आला तर त्याच दिवशी सांगावे. टेलि-मानस ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र चालते, मराठीतही बोलता येते. खर्चाची काळजी करणाऱ्यांसाठी माझ्या जुन्या पेशातली एक माहिती: मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्याच पायावर संरक्षण द्यावे लागते. पॉलिसीचे कागद बारकाईने वाचा.

शेठजी गेल्या पंधरवड्यात पुन्हा येऊन गेले. झोप सुधारली आहे, दुकानात बसतात. पण दुपारनंतर अजूनही मन उतरते आणि उपचार चालू आहेत. मुलाला त्यांनी सर्व सांगितले. पेठेत अद्याप सांगितलेले नाही, आणि मीही आग्रह केला नाही. या महिन्याच्या रोजमेळात ४० रुपयांचा फरक येतो आहे. तो शोधायला या वेळी त्यांनी मुलालाच सोबत बसवले आहे.