गिऱ्हाईक भांडत नाही, हॉटेल बदलतं

तालुक्याच्या गावी आणि हायवेच्या कडेला हॉटेलं, ढाबे वाढले. शेतीला जोडधंदा म्हणून कितीतरी तरुणांनी कर्ज काढून शेड मारलं. त्यातल्या काहींचं शटर दोन वर्षांतच खाली येतं. मग दोष जागेला नाहीतर आचाऱ्याला दिला जातो. खरं दुखणं बऱ्याचदा वाढण्यात असतं.

बाजाराचा दिवस घ्या. माळवं विकून दोन शेतकरी मिसळ खायला बसतात. अर्धा तास होतो. मागून कारमधून आलेल्यांच्या टेबलावर ताटं आधी जातात. विचारलं तर "येतंय की" एवढंच उत्तर. रस्सा मागितला तर वेटर ऐकलं न ऐकल्यासारखं करतो. हे दोघं भांडत नाहीत. पैसे देतात, उठतात आणि पुढच्या बाजारी समोरच्या हॉटेलात बसतात.

मालकाला पत्ताच लागत नाही. पण हिशोब करून बघा. दर बाजाराला दोघांचे २०० रुपये धरले, तर ५२ आठवड्यांचे १०,४०० रुपये गेले. कारवाला परत कधी येईल याचा भरवसा नाही. शिवाय पारावर आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर चर्चा होते ती वेगळीच.

नुसत्या उशिरानं गिऱ्हाईक तुटत नाही. गॅस संपला, आचारी आला नाही, हे सगळ्यांना समजतं. "काका, वीस मिनिटं लागतील, तोवर चहा घ्या," एवढं सांगितलं तरी माणूस थांबतो. तुटतं ते हलकं लेखल्यामुळं.

दुसरी गोष्ट बिलाची. सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये सांगितलं. दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ते कायम ठेवलं. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेतल्या हॉटेलला गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही. बिलात असं काही दिसलं तर आधी गल्ल्यावर विचारावं. दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

मालकांनीही तक्रारीचा राग धरू नये. जो बोलून दाखवतो, त्याला अजून परत यायचं असतं. गप उठून गेलेला सहसा परत येत नाही.