आकडे आहेत, दृष्टान्त नाही

मोटारशर्यतीच्या व्हिडिओ गेमवर अशा ठिकाणी लिहावे काय, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. परंतु या खेळांत एक पडदा असा असतो की तेथे गाडी उभी असते आणि खेळणाऱ्याला फक्त वाचायचे असते. तो पडदा ट्यूनिंगचा. टायरमधील हवेचा दाब, स्प्रिंगचा कडकपणा, चाकाचा उभा कल म्हणजे कॅम्बर, गिअरची गुणोत्तरे, पुढच्या आणि मागच्या ब्रेकमधील वाटणी. प्रत्येकापुढे एक आकडा आणि तो कमीजास्त करण्यासाठी एक सरकती पट्टी. ‘ग्रॅन टुरिस्मो’ 1997 साली आला. त्यानंतर गाड्यांची चित्रे ओळखू येणार नाहीत इतकी बदलली, पण हा पडदा बराचसा तसाच राहिला. त्याला मी एक मजकूर मानतो, आणि तो वाईट लिहिलेला मजकूर आहे असे माझे मत आहे.

वाईट लिहिण्याच्या येथे दोन तऱ्हा दिसतात. ‘नीड फॉर स्पीड: मोस्ट वाँटेड’ने (2005) गाडीचे वर्णन तीन पट्ट्यांत उरकले : कमाल वेग, वेगवाढ, हाताळणी. पट्टी लांब म्हणजे गाडी चांगली. दुसरी तऱ्हा याच्या उलट, म्हणजे दशांश चिन्हासह वीसपंचवीस आकडे समोर ठेवायचे आणि गप्प बसायचे. पहिल्या तऱ्हेत वाचकाला मूल समजले जाते, दुसरीत इंजिनिअर. मधल्या माणसासाठी, जो शिकायला तयार आहे, त्याच्यासाठी कोणीच लिहीत नाही.

मराठीच्या विद्यार्थ्यांना येथे केसोबासांचा ‘दृष्टान्तपाठ’ आठवावा. त्याची रचना तीन पायऱ्यांची आहे. आधी सूत्र, मग दृष्टान्त, शेवटी दार्ष्टान्तिक. सूत्र आणि दृष्टान्त चक्रधरांचे. दृष्टान्त सूत्राला कसा लागू पडतो हे सांगणारे दार्ष्टान्तिक केसोबासांचे. नुसते सूत्र ऐकून श्रोता मान डोलावील, पण त्याला काही कळलेले नसेल, ही शिक्षकाची जाण या रचनेमागे आहे. त्यातच जात्यंधांनी चाचपलेल्या हत्तीचा दृष्टान्त आहे, आणि त्या तीन पट्ट्यांना तो फारच चपखल बसतो.

ट्यूनिंगच्या पडद्यावर सूत्र आहे, पुढच्या दोन पायऱ्या गाळलेल्या आहेत. पुढचा अँटी-रोल बार कडक केला की पुढच्या चाकांची पकड वळणात लवकर सुटते आणि गाडी वळायच्या ऐवजी बाहेर जाऊ लागते, हे बहुधा मदतीच्या एका ओळीत लिहिलेलेही असते. पण कोणत्या वळणात? आत्ताच चालवून आलेल्या फेरीत ते कोठे घडले? ‘फोर्झा’ मालिकेत शर्यत चालू असताना टायरच्या आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या पट्ट्याचे तापमान पाहता येते. आतली कड फार तापत असेल तर कॅम्बर जास्त झाला असा सुगावा त्यातून लागतो. मात्र कॅम्बरची पट्टी दुसऱ्या पडद्यावर. सुगावा एकीकडे, निर्णय दुसरीकडे, आणि मधला दुवा खेळणाऱ्याने डोक्यात वाहून न्यायचा.

आता हीच गोष्ट खेळाबाहेर कशी घडते ते पाहू. बुलढाणा जिल्ह्यातील मोताळा तालुक्यात रोहिणखेड आहे. इतिहास वाचणाऱ्यांना ते बहमनी आणि फारुकी सैन्यांच्या 1437 मधील लढाईमुळे ठाऊक असते, असो. या भागातून बुलढाण्याला जायचे तर राजूरचा घाट चढावा लागतो, आणि गाडीत काही बिघाड असेल तर घाट तो बोलून दाखवतो. अशा गावचा माणूस गॅरेजात आकडा घेऊन जात नाही, तक्रार घेऊन जातो. ‘ब्रेक मारला की डावीकडे ओढते.’ ‘चढावर पिकअप घेत नाही.’ मिस्तरी तक्रारीवरून भागाकडे जातो आणि भागावरून मापाकडे. खेळाचा पडदा मात्र माप आधी दाखवतो आणि तक्रार कोणती, हे विचारतच नाही. सुधारणा येथून सुरू व्हावी असे मला वाटते. खेळणाऱ्याने ‘वळणात मागची बाजू सुटते’ हे वाक्य निवडावे, आणि पडद्याने त्याच्याशी संबंधित तीनचार आकडे उजळून दाखवावेत. बाकीचे अंधुक राहिले तरी चालतील.

दृष्टान्ताचे साहित्य तर खेळांपाशी पडूनच आहे. आपली जुनी फेरी पारदर्शक ‘भुता’च्या रूपात सोबत धावते, ही सोय फार जुनी. प्रत्यक्ष शर्यतीतले इंजिनिअर दोन फेऱ्यांच्या वेगाच्या रेषा एकावर एक ठेवून वाचतात. तेच भूत ट्यूनिंगच्या पडद्यावर आणले, आणि बदलापूर्वीची व नंतरची रेषा आकड्याशेजारीच काढली, तर पाचव्या वळणात काय साधले आणि लांब सरळ रस्त्यावर काय गमावले हे नजरेला दिसेल. ‘फोर्झा होरायझन 5’मधला (2021) गिअरचा आलेख काहीसा असाच आहे. गुणोत्तर सरकवले की प्रत्येक गिअरची रेषा डोळ्यांसमोर आखूड वा लांब होते. त्या एका पानावर गोंधळ कमी होतो, तर बाकीच्या पानांनी काय पाप केले?

यावर कोणी म्हणेल, की सगळे उलगडून सांगितले तर शोधण्याची गंमत राहणार नाही. आक्षेप हलका नाही. कवितेच्या तासाला आपणही तो घेतोच. परंतु आज प्रत्यक्षात घडते ते असे : पडदा वाचता येत नाही म्हणून खेळणारा दुसऱ्याने केलेले तयार ट्यूनिंग उतरवून घेतो आणि पळवतो. ‘फोर्झा’त तर त्यासाठी स्वतंत्र व्यवस्थाच आहे. गाडी वेगात धावते, ती का धावते ते त्याला कळत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री गाईडमधले रसग्रहण पाठ करणारा विद्यार्थी ज्यांनी वर्गात पाहिला आहे, त्यांना हा माणूस ओळखीचा वाटेल. मूळ कविता त्याने टाळली, कारण तिच्यापर्यंत जाणारी वाट कोणी दाखवली नाही. आळस हे कारण दुसरे.

या खेळांच्या पडद्यांवर मराठी नाही. ती यायची झाल्यास कॅम्बरला संस्कृत प्रतिशब्द घडवण्याची समिती कृपया नेमू नये. मोताळ्याच्या किंवा मलकापूरच्या गॅरेजात बसून गाडीवाले काय काय म्हणतात ते आठवडाभर उतरवून घ्यावे. तक्रारींची यादी तेथे मिळेल, आणि तिची भाषाही.