पडक्या कमानीचा सातबारा

हिवाळा लागला की नांदेड-लातूरकडील शाळांच्या सहली निघतात. कंधारच्या किल्ल्याचा खंदक पाहायचा, खरोशाची लेणी पाहायची, भाकरी खाऊन परत. पोरांनी जावे; आमची ना नाही. पण तेथे उभे राहून माहिती सांगणारा राजांची नावे घेतो व थांबतो. खंदक कोणी खणला, खडक कोणी फोडला, त्या दिवसांत त्यांच्या चुली कशावर पेटल्या, हे विचारणारा पोरगा उद्धट ठरतो! बंधूंनो, ही खोड लहान दिसते. ती वाढली म्हणजे काय होते, हे इटलीच्या मुसोलिनीने दाखविले आहे.

१९२२ साली सत्ता बळकावल्यावर या गृहस्थास जुन्या रोमचा पुळका आला. पडक्या अवशेषांमधून सरळ रस्ता काढण्यासाठी त्याने गरिबांची राहती घरे पाडली, माणसे शहराबाहेर घालविली, आणि २८ ऑक्टोबर १९३२ रोजी त्या ‘साम्राज्याच्या रस्त्या’वरून मिरवणूक काढली. समुद्रापलीकडे लिबियात तर कहरच. तेथे लेप्टिस माग्ना व साब्राथा येथे वाळू उपसून रोमन खांब व कमानी मोकळ्या केल्या आणि जगास सांगितले, हे आमच्या वाडवडिलांचे घर. जुने मालक परत आले आहेत! सावकाराने दुसऱ्याच्या शेतातील जुना दगड दाखवून सातबारा आपल्या नावे मागावा, त्यातलीच ही तऱ्हा. आणि ज्यांची ती जमीन होती ते मेंढपाळ? १९३० पासून पूर्व लिबियातील सुमारे एक लाख माणसे तारांच्या कुंपणांत कोंडली. हजारो तेथेच उपासमारीने व रोगाने मेली. त्यांचा म्हातारा पुढारी ओमर मुख्तार १६ सप्टेंबर १९३१ रोजी फासावर चढविला. पाहुण्यांसाठी कमानींकडे नेणारे रस्ते मात्र झकास होते.

पाहुणेही निवडून बोलावले जात. डिसेंबर १९३३ मध्ये युरोपात शिकणारे आशियातील शेकडो विद्यार्थी रोमला जमविले. त्यांत हिंदी तरुणही होते. जुन्या रोमच्या कॅपिटोल टेकडीवर मुसोलिनीने स्वतः त्यांना रोम व पूर्वेच्या प्राचीन स्नेहाची कहाणी ऐकविली. दोन वर्षेही झाली नाहीत तोच, ऑक्टोबर १९३५ मध्ये, पूर्वेच्या या मित्राने इथिओपियावर स्वारी केली आणि पुढे तेथील लोकांवर विमानांतून विषारी वायू सोडला. शिवाय हा जुन्या दगडांचा भक्त! त्याने अक्सुम येथील त्या लोकांचा प्राचीन शिलास्तंभ उचलून १९३७ साली रोममध्ये उभा केला. तो परत जाण्यास २००५ साल उजाडले.

आमच्याकडील शहाणेही भुलले. नाशिकची भोसला मिलिटरी स्कूल काढणारे डॉ. मुंजे १९ मार्च १९३१ रोजी मुसोलिनीस भेटले, तेथील पोरांना दिले जाणारे लष्करी शिक्षण पाहून प्रसन्न झाले, आणि तसेच येथे हवे असे त्यांनी आपल्या रोजनिशीत टिपून ठेवले. त्या पोरांना कोणाची घरे पाडायला तयार करीत आहेत, हे विचारावेसे त्यांना वाटले नाही.

सामान्य घरांतील मराठी पोरेही इटलीत गेली, पण पाहुणे म्हणून नव्हे. मराठा पलटणीचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी तेथे टायबरच्या खोऱ्यात लढताना पडले, अवघ्या बाविसाव्या वर्षी. त्यांना कोणी कमानी दाखविल्या नाहीत.

तेव्हा येत्या सहलीस पोराच्या पिशवीत भाकरीबरोबर एवढा प्रश्न बांधून द्या, की खरोशाचा खडक फोडणाऱ्या पाथरवटाचे नाव काय? गुरुजींस ठाऊक नसेल. आम्हांसही नाही. पण पोराने तो तेथेच, सर्वांदेखत विचारावा.