दुसरा मॉनिटर दिसेना? नवीन घ्यायच्या आधी जरा थांबा



येडगावच्या माझ्या दुकानात एकाच कॉम्प्युटरला दोन मॉनिटर आहेत. एक माझ्यासमोर, दुसरा काउंटरवर गिऱ्हाईकाकडे तोंड करून. लग्नपत्रिका असो की ऑनलाइन फॉर्म, गिऱ्हाईक स्वतः वाचतं, हो म्हणतं, मगच प्रिंट. हा जुना मॉनिटर म्हणजे माझा बिनपगारी मदतनीस!

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला. माझं मशीन विंडोज 11 च्या अटींत बसत नव्हतं. मग एका रविवारी मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम बदलली आणि ग्राफिक्स कार्डही टाकलं. सगळं एकदम. सोमवारी काउंटरच्या स्क्रीनवर 'नो सिग्नल'.

बसवणारा म्हणाला, "मॉनिटर गेला, नवीन घ्या." मी निघालोही होतो. त्या दोन दिवसांत एका पत्रिकेत नवरीच्या मामांचं नाव चुकलं. 300 पत्रिका माझ्या खर्चाने परत छापल्या. पैसे गेले त्याचं एक वेळ ठीक, पण मामांसमोर मान खाली गेली ना!

शेवटी तो मॉनिटर शेजारच्या दुकानातल्या कॉम्प्युटरला लावून बघितला. मस्त चालला! म्हणजे दोष माझ्या नव्या जोडणीत होता. तुमच्याकडे असं झालं तर या क्रमाने बघा:

1. मॉनिटर आणि केबल दुसऱ्या मशीनला लावून बघा.
2. विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबून 'एक्स्टेंड' निवडा.
3. केबल नेमकी कुठे आहे ते बघा. माझा एक मॉनिटर कार्डला होता, दुसरा मदरबोर्डच्या व्हीजीए पोर्टला. कार्ड टाकलं की बरेच मदरबोर्ड स्वतःचे पोर्ट बंद करतात. बायोसमध्ये जाऊन इंटिग्रेटेड ग्राफिक्स चालू केलं आणि काम झालं. खर्च शून्य!
4. इंटेल प्रोसेसरच्या नंबरपुढे 'एफ' असेल तर त्यात ग्राफिक्सच नसतं. मग दोन्ही मॉनिटर कार्डलाच लावा. नव्या कार्डांवर व्हीजीए पोर्ट नसतो, त्यामुळे कन्व्हर्टर घ्यावा लागेल. नुसती एचडीएमआय-व्हीजीए वायर चालत नाही.
5. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' दिसलं तर कार्डचा ड्रायव्हर टाका.

आता माझं मत स्पष्ट सांगतो. बदल केल्यावर काही बंद पडलं, तर आधी संशय बदललेल्या गोष्टीवर घ्या. कालपर्यंत चालणाऱ्या जुन्या वस्तूला लगेच भंगारात काढू नका. आणि एका वेळी एकच बदल करा.

धंद्यातही हेच आहे. नवा सप्लायर, नवे दर, नवा पोऱ्या, सगळं एकाच महिन्यात केलं आणि गल्ला कमी झाला, तर कशामुळे झाला ते कळणार कसं? मग आपण राग काढतो जुन्या कामगारावर.

आणखी एक. लग्नसराईत किंवा फॉर्मच्या शेवटच्या तारखांना मशीनला हात लावू नका. अपग्रेड मंदीच्या दिवसांत करा आणि केबल काढायच्या आधी मागच्या बाजूचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. तो एक फोटो असता, तर माझ्या 300 पत्रिका वाचल्या असत्या.

भेटू पुढच्या व्हिडिओत!